एकशे तेरा वर्षे हरवलेला शेजारी

बालमित्रांनो, तुमच्या घराजवळ एखादं जुनं वडाचं, पिंपळाचं नाहीतर चिंचेचं झाड आहे का? असेल तर आज दिवेलागणीच्या वेळी त्याच्या खोडाकडे जरा निरखून पाहा. एखाद्या ढोलीच्या तोंडाशी दोन पिवळेधमक डोळे तुमच्याकडे रोखून बघत असतील. मूठभर अंग, गोल गरगरीत डोकं, आणि मान खाली-वर करत ‘कोण रे तू?’ असं विचारल्यासारखा सगळा थाट! हा आपला पिंगळा. घुबडाच्या जातीतला, पण आकाराने साळुंकीएवढा. जळगावजवळच्या पिंप्राळ्यात राहणाऱ्या मुलांना तो ठाऊक असतो, तसाच पुण्या-नागपूरच्या मुलांनाही. गावात, शेतात, देवळाच्या शिखरात, कुठेही तो सुखाने राहतो.

पण आजची गोष्ट या पिंगळ्याची नाही. ती आहे त्याच्या रानात राहणाऱ्या चुलतभावाची. त्याचं नाव रानपिंगळा. कुणी त्याला वनपिंगळाही म्हणतात.

पिंप्राळ्याहून जळगाव मागे टाकून उत्तरेला निघालात, की विदगावच्या पुलावरून तापी ओलांडायची. पुढे केळीच्या बागा लागतात, आणि त्यांच्या पलीकडे सातपुड्याच्या रांगा. याच सातपुड्याच्या पायथ्याशी, पश्चिमेकडे शहाद्याच्या बाजूला, हा रानपिंगळा राहत होता. आणि तरीही तब्बल ११३ वर्षे तो जगातल्या एकाही पक्षीशास्त्रज्ञाला दिसला नाही! पुष्कळांनी तर ‘हा पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला असावा’ असंच धरून टाकलं होतं.

मग तो सापडला कसा? ती हकिगत एखाद्या गुप्तहेरकथेसारखी आहे, बरं का. तिच्यात चोरी आहे, खोटा पुरावा आहे आणि चोर पकडण्यासाठी क्ष-किरणांची मदतही आहे. चला तर, सुरुवातीपासून पाहू.

ह्यूमसाहेबांचा नवा पक्षी

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव वाचलं असेल. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, पहिलं अधिवेशन भरलं. त्या सभेच्या संस्थापकांपैकी हे एक. पण याच ह्यूमसाहेबांना पक्ष्यांचं विलक्षण वेड होतं, हे किती जणांना माहीत आहे? भारतातल्या पक्ष्यांविषयी त्यांनी एक खास नियतकालिक चालवलं. त्याचं नाव होतं ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे इकडेतिकडे विखुरलेली पिसं. देशभरातले हौशी अधिकारी त्यांना पक्षी आणि टिपणं पाठवत.

१८७२ साली एफ. आर. ब्लूइट नावाच्या अशाच एका गृहस्थाने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एक लहानसं घुबड मिळवलं. दिसायला पिंगळ्यासारखं, पण पिंगळा नव्हे! ह्यूम यांनी ते पाहिलं आणि १८७३ मध्ये ‘ही नवी जात आहे’ असं जाहीर केलं. ब्लूइट यांच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव ठेवलं ‘ब्लूइटाय’. रानपिंगळ्याचा बारशाचा दिवस तो हा!

पायाला बांधलेली चिठ्ठी

इथे एक गोष्ट समजून घेऊ. त्या काळी आजच्यासारख्या दुर्बिणी नव्हत्या, झटपट फोटो काढणारे कॅमेरे नव्हते. म्हणून अभ्यासक पक्षी मारून आणत. कातडं पिसांसकट अलगद काढत, आत कापूस भरत, शिवत आणि वाळवत. याला म्हणतात ‘नमुना’. आज आपल्याला ही पद्धत क्रूर वाटते. पण त्या काळच्या शास्त्राचा सगळा पाया या नमुन्यांवर उभा आहे.

नमुन्याच्या पायाला एक छोटी चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोणता, कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कुणी मिळवला, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. चिठ्ठी बोटभर, पण तिची किंमत फार मोठी. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. आणि चिठ्ठी खोटी असेल तर? ते पुढे येईलच.

आता खानदेशात येऊ. १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत जेम्स डेव्हिडसन नावाचे इंग्रज मुलकी अधिकारी खानदेशात होते. दिवसा कचेरीचं काम आणि उरलेल्या वेळात पक्षी, असा त्यांचा खाक्या. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार असे वेगळे जिल्हे नव्हते. सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले ते १९०६ मध्ये. डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या परिसरातून रानपिंगळ्याचे काही नमुने मिळवले आणि प्रत्येकाला नीट चिठ्ठी बांधली. शेवटचा १८८४ सालचा.

त्यानंतर सगळं शांत झालं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे नमुने होते फक्त सात! जिवंत पक्षी मात्र कुणालाच दिसेना.

मांडवीची चिठ्ठी

सात नमुन्यांपैकी एक मात्र वेगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर साल होतं १९१४ आणि ठिकाण होतं मांडवी. (कच्छमधली समुद्रकाठची मांडवी नव्हे; ही सुरत जिल्ह्यातली, तापीकाठची.) नमुना मिळवणाऱ्याचं नाव होतं कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन.

हा माणूस म्हणजे मोठं प्रस्थ! इंग्रजी सैन्यातला अधिकारी, पहिल्या महायुद्धातल्या धाडसांसाठी गाजलेला. आफ्रिकेतल्या एका भल्यामोठ्या रानडुकराला त्याचं नाव दिलेलं आहे. १९५४ मध्ये त्याने आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. अशा नामांकित माणसाच्या शब्दावर संशय कोण घेणार?

साहजिकच लोकांना वाटलं, रानपिंगळा शेवटचा दिसला तो १९१४ मध्ये, गुजरातेत. शोध घ्यायचा तर तिथेच घ्यायला हवा. शोध झालेही. डॉ. सलीम अलींसारख्या थोर पक्षीतज्ज्ञालाही तो गवसला नाही. कधी कुणी फोटो दाखवून ‘सापडला!’ म्हणायचं, आणि नीट पाहिल्यावर तो आपला गावातलाच ठिपकेवाला पिंगळा निघायचा.

क्ष-किरणांनी पकडलेली चोरी

१९९० नंतरच्या काळात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरी, स्मिथसोनियन या प्रसिद्ध संस्थेत, पामेला रासमुसेन नावाच्या बाई भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ तयार करत होत्या. त्यासाठी त्या लंडनजवळच्या ट्रिंग या गावी गेल्या. ब्रिटिश संग्रहालयाचा पक्ष्यांचा खजिना आता तिथे ठेवलेला आहे. तिथे काम करताना एक विचित्र गोष्ट उघडकीला येत होती. माइनर्ट्झहागेनच्या नमुन्यांचा आणि त्यांच्या चिठ्ठ्यांचा मेळ बसत नव्हता! जुनी कागदपत्रं चाळली, तेव्हा कळलं की १९१९ मध्ये याच कर्नलला संग्रहालयाच्या पक्षी-दालनात यायला काही काळ बंदी केली होती. कारण? परवानगीशिवाय नमुने बाहेर नेणे.

मग रासमुसेन आणि त्यांचे इंग्रज सहकारी नायजेल कॉलर यांनी मांडवीचा रानपिंगळा बारकाईने तपासला. क्ष-किरणांनी त्याचे फोटो काढले. मित्रांनो, शिंप्याची शिवण जशी जाणकाराला ओळखू येते, तशीच पक्षी भरणाऱ्याची पद्धतही ओळखू येते. कापूस किती भरला, टाके कसे घातले, हाडं कुठे ठेवली, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. मांडवीचा पक्षी बाहेरून नव्याने शिवलेला दिसत होता. पण आतल्या खुणा ओरडून सांगत होत्या, ‘हे काम डेव्हिडसनचं!’

म्हणजे झालं होतं असं: डेव्हिडसन यांनी खानदेशातून पाठवलेला एक रानपिंगळा संग्रहालयातून चोरीला गेला. त्याची खरी चिठ्ठी काढून टाकली. कापूस बदलला. नवी खोटी चिठ्ठी बांधली. आणि पुढे तोच पक्षी ‘माझा शोध’ म्हणून संग्रहालयालाच परत दिला! १९९९ मध्ये रासमुसेन आणि कॉलर यांनी हे सगळं पुराव्यांसह प्रसिद्ध केलं. तोवर माइनर्ट्झहागेन मरून बत्तीस वर्षे झाली होती.

शहाद्याची ती सकाळ

मांडवीची चिठ्ठी खोटी, हे ध्यानात आल्यावर शोधाची दिशाच बदलली. रासमुसेन यांनी हिशेब केला: खोटं वगळलं, तर खऱ्या चिठ्ठ्या कोणत्या उरतात? पूर्वेकडचा ब्लूइट यांचा भाग आणि पश्चिमेकडचा डेव्हिडसन यांचा खानदेश. शोधायचं तर तिथे!

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे भारतात आले. निघण्यापूर्वी बाईंनी नमुने बघून बघून रानपिंगळ्याच्या खुणा पाठ करून ठेवल्या होत्या. आधी ते पूर्वेकडे गेले. तिथली पुष्कळ जंगलं तुटून गेली होती. रानपिंगळा दिसला नाही. मग मंडळी आली खानदेशात, शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी.

२५ नोव्हेंबरची सकाळ. एका उघड्याबोडक्या झाडाच्या फांदीवर, भर उन्हात, एक लहानसं घुबड बसलेलं होतं. बेन किंग यांची नजर प्रथम त्याच्यावर गेली. रासमुसेन यांनी दुर्बीण लावली. डोक्यावर ठिपके? जवळजवळ नाहीत. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे? आहेत. पाय? जाडजूड, पिसांनी भरलेले. एकेक खूण जुळत गेली. तो उडून जाण्याआधी त्यांनी त्याचं चित्रीकरण करून घेतलं. १८८४ नंतर ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा सापडला होता! आणि सापडला तो त्याच मुलखात, जिथलं नाव डेव्हिडसन यांनी आपल्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलं होतं.

एक विचार मात्र मनात येतोच. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा लोकांचे पाडे आहेत. तिथली गुरं वळणारी पोरं याच झाडांखालून रोज जात असतील. त्यांच्यातल्या कुणी ना कुणी हा पक्षी नक्कीच पाहिला असेल. पण त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांच्याकडेही लिहून ठेवायला वही नव्हती. शास्त्राच्या दृष्टीने पक्षी ‘हरवला’, म्हणजे त्याची नोंद हरवली!

ओळखायचा कसा?

गावातला पिंगळा आणि रानपिंगळा यांत भले भले फसतात. तुम्ही फसू नका. या खुणा लक्षात ठेवा.

पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ राखट-तपकिरी, ठिपके असले तरी अगदी पुसट.

रानपिंगळा जरासा मोठा असतो, सुमारे २३ सेंटिमीटर. डोकं आणि चोच मोठी, छाती वरच्या बाजूला जवळजवळ पूर्ण तपकिरी आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. पंख आणि शेपटीवर पांढरे पट्टे उठून दिसतात.

आणि सर्वांत गमतीची खूण: हा दिवसा शिकार करतो! घुबड म्हटलं की रात्र, असं आपलं ठरलेलं. पण रानपिंगळा सकाळच्या उन्हात उंच फांदीवर बसून शेपटी डावी-उजवीकडे झटकत असतो. खाली सरडा, उंदीर नाहीतर मोठा किडा दिसला की झेप! त्याला विरळ, कोरडं, सागाचं जंगल आवडतं. घरटं करायला जुन्या झाडाची ढोली लागते. म्हणजे जुनं झाड तुटलं की त्याचं घरच गेलं.

चौकट: हे तुम्हांला माहीत आहे का?

घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. म्हणून ते आख्खी मान फिरवतं, एका बाजूला सुमारे २७० अंशांपर्यंत! आपल्या मानेत मणके सात. उंचच उंच जिराफाच्या मानेतही सातच. घुबडाच्या मानेत मात्र चौदा.

घुबड भक्ष्य गिळतं आणि न पचलेली हाडं, केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकून देतं. अशा गोळ्या फोडून शास्त्रज्ञ त्याने काय खाल्लं ते ओळखतात.

पिंगळ्याच्या कुळाला ‘अथीनी’ म्हणतात. अथीना ही ग्रीक लोकांची विद्येची देवता आणि घुबड हा तिचा पक्षी. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर घुबड होतं. आजही ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर तेच आहे!

आज तो कुठे आहे?

१९९७ नंतर मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या संशोधकांनी सातपुडा पालथा घातला. नंदुरबार जिल्ह्यात तळोदा, तोरणमाळ, विदर्भात मेळघाट, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्य! मध्य प्रदेश आणि गुजरातच्या काही जंगलांतही तो मिळाला. २०१४ मध्ये तर थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली.

हे वाचून ‘चला, सुटलो’ असं म्हणू नका. जगात हा पक्षी फक्त मध्य भारतात आहे. प्रौढ रानपिंगळे हजाराहूनही कमी असावेत असा अंदाज आहे. २०१८ पर्यंत त्याचं नाव ‘अतिशय धोक्यात’ असलेल्या पक्ष्यांच्या यादीत होतं. नव्या जागा सापडल्यामुळे ते एक पायरी खाली, ‘धोक्यात’ या गटात आलं. पण सागाची जंगलं अजूनही तुटतात, वणवे लागतात. त्यातच अंधश्रद्धेची भर! ‘घुबड दिसलं म्हणजे अपशकुन’ म्हणून कुणी दगड मारतो, तर कुणी जादूटोण्यासाठी त्याला पकडतो. गंमत बघा, याच देशात घुबडाला लक्ष्मीचं वाहनही मानतात! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे घुबड पकडणं किंवा मारणं हा गुन्हा आहे, हे पालकांनीही मुलांना जरूर सांगावं. शेतातले उंदीर फुकटात मारणारा हा राखणदार आहे, हे शेतकरी दादांना तर वेगळं सांगायला नको.

आता काम तुमचं

मित्रांनो, या सगळ्या गोष्टीत बंदूक, युद्ध, कर्नल, संग्रहालय असं बरंच काही आहे. पण खरी ताकद कशात होती? कागदाच्या बोटभर चिठ्ठीत! एका खोट्या चिठ्ठीने शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे भलत्या वाटेला लावलं. आणि प्रामाणिकपणे लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी शंभराहून जास्त वर्षांनंतर बरोबर जागेवर आणून सोडलं. ते लिहिणाऱ्या माणसाला आपल्या चार ओळींचा एवढा उपयोग होईल, हे स्वप्नातही आलं नसेल.

मग तुम्हीही एक वही करा. पाठकोरे कागद शिवून केलीत तरी चालेल. तिच्यात रकाने आखा: तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, तो काय करत होता. आणि शेवटी एक खास रकाना, ‘स्वतः पाहिलं की कुणी सांगितलं’. खात्री नसेल तर बेधडक लिहा, ‘शंका आहे’. ते लिहायला लाजू नका. वहीत चार पक्षी कमी असले तरी चालतील, पण न पाहिलेला एकही पक्षी नको!

सुरुवात गावातल्या पिंगळ्यापासूनच करा. पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. त्या गर्दीत, त्या आवाजात वाटेवरच्या झाडांवरचे पक्षी कुठे जातात? परत कधी येतात? तुमच्या गावच्या जत्रेत काय होतं? पाहा आणि लिहून ठेवा. मात्र ढोलीत हात घालायचा नाही, काठी खुपसायची नाही, डोळ्यांवर बॅटरीचा झोत मारायचा नाही. आणि रानपिंगळा बघायचाच असेल, तर मोठ्यांबरोबर आणि वनखात्याच्या परवानगीनेच जायचं.

जाता जाता पाच प्रश्न

(उत्तरं याच लेखात आहेत. आधी आठवून पाहा, मग शोधा!)

१. राष्ट्रीय सभेच्या कोणत्या संस्थापकाने रानपिंगळ्याला शास्त्रीय नाव दिलं?

२. कच्छमधली मांडवी आणि रानपिंगळ्याच्या खोट्या चिठ्ठीवरची मांडवी, यांत फरक काय?

३. जिराफाच्या आणि घुबडाच्या मानेत प्रत्येकी किती मणके असतात?

४. शहादा १९९७ मध्ये कोणत्या जिल्ह्यात होतं, आणि आज कोणत्या?

५. तुमच्या घरापासून सर्वांत जवळचा पिंगळा कोणत्या झाडावर राहतो?

काय म्हणता? पाचव्याचं उत्तर लेखात नाही? बरोबर! ते शोधायला संध्याकाळी बाहेर पडावं लागेल. वही-पेन्सिल घ्यायला विसरू नका.